चार आवाज, अडीच सप्तकं: पुरुषांचं वृंदगान कसं चालतं

फक्त पुरुषांचा वृंद सुरात लागला की मिश्र वृंदापेक्षा भारदस्त वाटतो, आणि सुटला की नुसता गाळ ऐकू येतो. दोन्हीचं मूळ एकच आहे: जागा कमी. बास आणि टेनर (पुरुषांचा खालचा आणि वरचा आवाज), आल्टो आणि सोप्रानो (स्त्रियांचा खालचा आणि वरचा) असा स्त्री-पुरुषांचा मिश्र वृंद खालपासून वरपर्यंत साधारण ४१ अर्धस्वरांत पसरतो (अर्धस्वर म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर). पुरुषांच्या वृंदाला २९ अर्धस्वर मिळतात, म्हणजे अडीच सप्तकांच्या आसपास. भाग मात्र इथेही चारच. तीन खोल्यांचं सामान दोन खोल्यांत लावायचं म्हटल्यावर कुठली वस्तू कुठे ठेवायची याला जे महत्त्व येतं, तेच इथे प्रत्येक स्वराला येतं.

पुढे स्वरांची नावं पेटीच्या पट्ट्यांनीच घेऊ. पियानोच्या मधोमध येणारी पांढरी एक (२६१.६ हर्ट्झ) जिथून सुरू होते ते या लेखापुरतं मध्य सप्तक. त्याखालचं मंद्र, त्याच्याही खालचं अतिमंद्र. एरवी सप्तकं गायकाच्या षड्जावरून ठरतात हे मान्य, पण इथे चार वेगवेगळे आवाज एकत्र आहेत, तेव्हा मोजपट्टी एकच हवी.

कोणाचा आवाज कुठल्या भागात

वरून खाली चार भाग असे: पहिला टेनर, दुसरा टेनर, बॅरिटोन (याला पहिला बासही म्हणतात) आणि दुसरा बास. पहिला टेनर मंद्र पांढरी एकपासून मध्य पांढरी सहापर्यंत जातो. दुसऱ्या टेनरची वरची हद्द एक स्वर अलीकडे, मध्य पांढरी पाचला संपते. बॅरिटोन अतिमंद्र पांढरी सहा ते मध्य पांढरी चार. दुसरा बास अतिमंद्र पांढरी तीन (८२.४ हर्ट्झ) ते मध्य पांढरी दोन. या हद्दींकडे पाहिलं की लगेच लक्षात येतं, मंद्र सप्तक चौघांचंही सामाईक आहे. मिश्र वृंदात बास आणि सोप्रानो एकमेकांच्या वाटेला फारसे जात नाहीत. इथे सगळे एकाच अंगणात.

नवा गायक आला की त्याला हमखास विचारतात, ‘तुझा सगळ्यात वरचा सूर कुठला?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. एखादा सूर एकदा फेकून लावणं वेगळं आणि त्याच्या आसपास तीन मिनिटं गात राहणं वेगळं. त्यापेक्षा असं करावं. मंद्र पांढरी तीनवर षड्ज धरून त्याला ‘आ’वर सा रे ग म प, प म ग रे सा म्हणायला लावावं. मग षड्ज अर्ध्या स्वराने चढवत न्यावा आणि आवाजाचा पोत कुठे बदलतो, हनुवटी कुठे वर जाते, गळ्याच्या शिरा कुठे दिसू लागतात ते पाहावं. हा आवाजाचा सांधा. सांध्याची सुरुवात मंद्र पांढरी सहाच्या आसपास असेल तर तो बहुधा बास, पांढरी सातजवळ असेल तर बॅरिटोन, मध्य पांढरी दोनला किंवा त्याच्या वर असेल तर टेनर. त्यानंतर उलट खाली उतरावं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ऐकावं. गायकाला स्वतःला जाणवणारा खर्ज आणि पाच मीटरवर पोचणारा खर्ज यांत चांगला दोन-तीन स्वरांचा फरक पडतो. यांतला कोणता खरा मानायचा हे सांगायला नको.

बहुतेक पुरुषांचे आवाज बॅरिटोन असतात. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक वृंदात मधल्या दोन भागांत गर्दी आणि पहिल्या टेनरची ओढाताण. मोकळे बॅरिटोन मारूनमुटकून टेनर करण्याचा मोह होतो. महिन्याभरात ते घसा बसल्याची तक्रार घेऊन येतात. त्यापेक्षा पहिला टेनर मोजक्याच जणांचा ठेवावा आणि बाकीच्यांनी त्यांच्या मानाने हळू गावं. २४ जणांचा वृंद असेल तर वरून खाली ५, ६, ६, ७ ही वाटणी ठीक चालते. खाली माणसं जास्त, कारण खर्जाचे सूर जात्याच कमी जोराचे असतात आणि मोठ्याने काढायला गेलं की येतच नाहीत. बासने खर्ज ढकलायचा नसतो. तोंडात जागा मोठी करायची, श्वास सावकाश सोडायचा आणि आवाज आहे तेवढाच राहू द्यायचा.

खाली गंधार का चालत नाही

एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. पियानोवर मध्य पांढरी एक आणि पांढरी तीन एकत्र दाबा: गोड, स्वच्छ. तेच दोन सूर दोन सप्तकं खाली, अतिमंद्रात दाबा: गुरगुर. षड्ज-गंधार हे नातं तेच, मग बिघडलं काय?

बिघडलं ते कानात. कानाच्या आतल्या शंखाकृती भागात वेगवेगळ्या कंपनांना वेगवेगळी जागा आहे, पण प्रत्येक सूर एका बिंदूवर न पडता एका पट्ट्यावर पडतो. खालच्या सुरांसाठी हा पट्टा साधारण १०० हर्ट्झ रुंद असतो. दोन सूर एकाच पट्ट्यात आले की ते एकमेकांशी भांडतात, आणि त्यांच्यातलं अंतर पट्ट्याच्या चतुर्थांशाच्या जवळपास, म्हणजे २५ हर्ट्झच्या आगेमागे असेल तेव्हा ती खरखर सगळ्यात जास्त जाणवते. आता हिशोब करा. मध्य सप्तकात षड्ज २६१.६ आणि गंधार ३२९.६, अंतर ६८. मंद्रात हेच अंतर ३४. अतिमंद्रात १७. म्हणजे पुरुषांचा वृंद जिथे वावरतो नेमक्या त्याच मुलखात गंधार खरखरीत होतो.

म्हणून पुरुषांसाठी स्वररचना करणारा अलिखित नियम पाळतो: तळाशी सप्तकाचं अंतर, फार तर पंचमाचं, आणि गंधार वर. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. बासकडे अतिमंद्र पांढरी सहा, हा आपला षड्ज, ११० हर्ट्झ. बॅरिटोनकडे मंद्र पांढरी तीन, म्हणजे पंचम, १६५. दुसऱ्या टेनरकडे मंद्र पांढरी सहा, वरचा षड्ज, २२०. पहिल्या टेनरकडे मध्य काळी एक, म्हणजे वरचा गंधार, २७५. चारही आकड्यांना ५५ ने भाग द्या: २, ३, ४, ५. शेजारच्या कुठल्याही दोन आवाजांत अंतर नेमकं ५५. ही मांडणी कोणा पंडिताने ठरवलेली नाही. तंबोऱ्याच्या एका तारेत जे स्वर आपोआप निघतात त्यांचाच हा क्रम आहे. आणि चौघं सुरात लागले की कान त्या ५५ हर्ट्झची, बासच्याही एक सप्तक खालची चाहूल घेतो. तो सूर कोणीही गात नसतं. पुरुषांच्या वृंदाचा भारदस्तपणा बऱ्याच अंशी या न गायलेल्या सुराचा असतो.

मिश्र वृंदाचं गाणं जसंच्या तसं पुरुषांना देता येत नाही ते यामुळेच. सोप्रानोची ओळ एक सप्तक खाली आणली की ती टेनरच्या ओळीत घुसते, काही ठिकाणी तिच्याही खाली जाते. आल्टोचं तेच. चाल मध्येच कुठेतरी गडप होते आणि स्वरसंगती, म्हणजे एकाच वेळी लागणारे सूर, तळाशी दाटते. गाण्याची पट्टी दोन ते पाच अर्धस्वर चढवावी लागते, मधले दोन भाग नव्याने लिहावे लागतात आणि बासचा भाग मात्र तळाशीच ठेवावा लागतो. हे काम अर्ध्या तासात उरकलेलं असेल तर पहिल्या तालमीत कळतंच.

तंबोऱ्याचा गंधार आणि पियानोचा गंधार

मराठी वाचकाला ही गोष्ट समजावणं सोपं आहे, कारण स्वयंभू गंधार त्याने ऐकलेला असतो. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो षड्जाच्या पाचपट कंपनांचा. आपल्या उदाहरणात ११० गुणिले ५, म्हणजे ५५०. पहिला टेनर २७५ वर गात असेल तर त्याच्या आवाजातला पहिला उपस्वर (मूळ सुराबरोबर आपोआप निघणारा वरचा सूर) २७५ गुणिले २, म्हणजे पुन्हा ५५०. दोन्ही एकमेकांवर चपखल बसतात.

पियानोचा गंधार मात्र २७५ नसून २७७.२ आहे. पियानोवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यात गंधार थोडा चढा येतो. अर्ध्या स्वराचे १०० भाग केले (एका भागाला सेंट म्हणतात) तर हा फरक १४ सेंटचा. टेनर तिथे गायला तर त्याचा उपस्वर ५५४.४ ला जातो, बासचा ५५० ला राहतो, आणि सेकंदाला चारहून जास्त वेळा आवाज थरथरतो. पंचमाचं तसं नाही. पियानोचा पंचम शुद्ध पंचमापेक्षा फक्त २ सेंट उतरता, आपल्या उदाहरणात थरथर अडीच-तीन सेकंदांतून एकदा. ती कोणाला जाणवतही नाही.

यातून तालमीचा एक पक्का नियम निघतो: सूर सांगायला पियानो वापरा, सूर जुळवायला नाही. चाल बसली की झाकण बंद. नाहीतर टेनर आठवडाभर चढा गंधार घोटतात आणि कार्यक्रमात वाद्य नसलं की गोंधळतात.

जुळवण्याची रीत अशी. बास षड्ज धरतो, ‘ऊ’वर, मध्यम आवाजात, एकेक जण वेगवेगळ्या वेळी श्वास घेत. त्यावर दुसरा टेनर वरचा षड्ज लावतो, आणि दोन सुरांचा एकच सूर झाल्यासारखं वाटेपर्यंत थांबतो. मग बॅरिटोनचा पंचम. पहिला टेनर सगळ्यात शेवटी, आणि तोही वरून हळूच उतरत गंधारावर येतो. थरथर मंदावते, मंदावते आणि थांबते. तिथे थांबायचं. हे रोज पाच मिनिटं केलं की पंधरा दिवसांत वृंदाचा कान बदलतो. बासने मात्र या सगळ्यात हलायचं नाही. बास पाच सेंट सरकला तर वरच्या तिघांची मेहनत पाण्यात.

अमेरिकेतल्या ‘बार्बरशॉप’ पद्धतीने हाच धागा टोकाला नेला आहे. चार पुरुष, वाद्य नाही. चाल सगळ्यात वर नसते, दुसऱ्या आवाजाकडे असते. पहिला टेनर तिच्यावर हलक्या आवाजात तरंगतो. या मंडळींना कोमल निषादाची स्वरसंगती अतिशय प्रिय, आणि तो निषाद ते पियानोपेक्षा ३१ सेंट खाली लावतात, षड्जाशी ७:४ या प्रमाणात. त्या जागी उपस्वर असे एकवटतात की पाचवा माणूस गातोय असं वाटतं. या पद्धतीची संघटना १९३८ मध्ये टल्सा शहरात सुरू झाली.

वरचा सांधा

पहिल्या टेनरचं दुखणं मध्य पांढरी तीन ते पांढरी पाच या पट्ट्यात असतं. त्याखाली छातीचा आवाज आरामात चालतो, वर हलका आवाज लावता येतो, मधल्या जागेत मात्र दोन्ही अर्धवट. इथे दोन चुका होतात. एक, छातीचा आवाज तसाच ओढत वर नेणं. सूर चढतो, आवाज फाटतो, आणि तीन गाण्यांनंतर माणूस संपतो. दुसरी, सांधा आला की झटकन फॉल्सेटोत, म्हणजे पातळ, खोट्या आवाजात उडी. ऐकणाऱ्याला वाटतं गायक बदलला.

इलाज वरून खाली येण्याचा आहे. मध्य पांढरी पाचवर हलक्या आवाजात ‘ऊ’ लावायचा, अगदी हळू, आणि पाच सूर खाली उतरायचं. सांध्यावरून जाताना आवाज वाढवायचा नाही. खटका ऐकू आला तर आणखी हळू. चार-पाच वेळा जमलं की सुरुवात अर्ध्या स्वराने वर न्यायची. ‘ऊ’ जमल्यावर ‘ओ’, आणि अगदी शेवटी ‘आ’. उघडा ‘आ’ या जागी सगळ्यात धोक्याचा, म्हणून वरच्या सुरांवर तो किंचित ‘ऑ’कडे झुकवतात. शब्द समजायला फरक पडत नाही.

पाचपैकी दोघांना पूर्ण आवाजात वरचे सूर लागत असतील तर बाकी तिघांनी ते फॉल्सेटोत गावेत. ऐकणाऱ्याला मिश्रण कळत नाही. पाचही जण जोर लावतात तेव्हा मात्र कळतं.

सूर उतरतो तो का

वाद्याविना गाणारा वृंद शेवटी पाव किंवा अर्धा स्वर खाली येऊन थांबतो, हा सार्वत्रिक अनुभव. ‘लक्ष द्या’ म्हणून तो थांबत नाही, कारण कारणं वेगवेगळी आहेत.

सगळ्यात साधं कारण पायऱ्यांचं. उतरताना माणूस जरा मोठी पायरी टाकतो, चढताना जरा लहान. चार ओळींत हिशोब चुकतो. दुसरं, एकच सूर सलग आठ-दहा वेळा आला की प्रत्येक वेळी तो केसभर खाली बसतो. बॅरिटोनच्या ओळीत असे सूर फार, म्हणून वृंद उतरू लागला की आधी तिथे कान लावावा. तिसरं, श्वास संपत आल्यावरही ओळ पूर्ण करण्याचा हट्ट. तिथे आळीपाळीने श्वास घ्यायचा: शेजारी घेतो तिथे आपण नाही, शब्दांच्या मधल्या जागी तर कोणीच नाही, स्वर चालू असतानाच हळूच बाहेर पडायचं आणि हळूच परत यायचं.

चौथं कारण गमतीचं आहे, कारण ते चांगल्या वृंदांना छळतं. षड्ज, मग धैवत, मग ऋषभ, मग पंचम आणि परत षड्ज अशा पायावर स्वरसंगतींचा फेरा असेल आणि प्रत्येक जण शेजारच्या सुराशी अगदी शुद्ध जुळवत गेला, तर फेरा पूर्ण होईपर्यंत षड्ज सुमारे २२ सेंट खाली आलेला असतो. कोणीही चुकलेलं नसतं. शुद्ध अंतरांची बेरीजच तशी येते, ८१:८० या प्रमाणाने कमी. असे पाच फेरे झाले की अख्खा अर्धा स्वर गेला. यावर उपाय एकच, एखाद्या भागाने षड्ज मनात धरून ठेवायचा आणि ऋषभाच्या जागी बासने शेजारच्या सुराला चिकटून न राहता तो किंचित वर घ्यायचा.

या सगळ्यावर एक जुना तोडगा आहे: उतरणारं गाणं अर्ध्या स्वराने वरच्या पट्टीत घ्यायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण बऱ्याचदा लागू पडतं. मूळ पट्टीत मोक्याचा सूर टेनरच्या नेमक्या सांध्यावर येत असतो. अर्धा स्वर वर गेल्यावर तो हलक्या आवाजात घेण्यावाचून इलाज उरत नाही, आणि सूर उतरायचा थांबतो.

शब्द

खालच्या आवाजांत स्वर भरपूर आणि व्यंजनं कमी ऐकू येतात. ‘त’, ‘क’, ‘स’ यांची ओळख पटवणारी कंपनं २००० हर्ट्झच्या वर असतात आणि २४ पुरुषांच्या खर्जाखाली ती दबतात. म्हणून व्यंजन तालाच्या जरा आधी उच्चारायचं, म्हणजे ठोक्यावर स्वर पडतो. ‘स’ मात्र उलटा: सगळ्यांनी म्हटला की नागांचा वारूळ होतो. शब्दाच्या शेवटचा ‘स’ प्रत्येक भागातल्या एकाने म्हणावा, बाकीच्यांनी गाळावा. स्वरांचे उच्चार जुळवताना आरशाचा उपयोग होतो. दोघांच्या ‘ए’मध्ये ओठांचा आकार वेगळा असेल तर सूर एकच असूनही तो बेसूर वाटतो.

हे आलं कुठून

मठांमधलं एकसुरी पुरुषगान फार जुनं. जॉर्जिया देशातलं तीन आवाजांचं गायन किंवा सार्डिनिया बेटावरचं चार पुरुषांचं गायन, ज्यात खालचे दोघं घशातून घोगरा आवाज काढतात, या त्या त्या मातीतल्या परंपरा आहेत. आज ज्याला पुरुषांचा वृंद म्हणतात त्याची घडण मात्र मंडळांची. लंडनमध्ये १७६१ मध्ये सुरू झालेला कॅच क्लब, १८०९ मध्ये बर्लिनला कार्ल फ्रीडरिश त्सेल्टरने भरवलेलं ‘लीडरटाफेल’, म्हणजे टेबलाभोवती बसून गाण्याचं मंडळ. मग विद्यार्थ्यांचे वृंद आले: स्वीडनच्या उप्सालातला ‘ऑर्फेई ड्रेंगार’ १८५३ चा, हेलसिंकी विद्यापीठाचा १८८३ चा, आणि दोन्ही अजून गातात. एस्टोनियाचा राष्ट्रीय पुरुष वृंद गुस्ताव एर्नेसाक्सने १९४४ मध्ये उभा केला.

वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यांचा विषय वेगळा काढायला हवा. खाणकामगारांना पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी येत नव्हती. ते शिकले ते टॉनिक सोल-फा या पद्धतीने, जी एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेन याने पसरवली. तिच्यात स्वर अक्षरांत लिहितात आणि ‘डो’ कुठल्याही पट्टीवर ठेवता येतो. म्हणजे आपला चल षड्जच. सरगम येणाऱ्या माणसाला ही पद्धत शिकायला एक संध्याकाळ पुरते, आणि पट्टी बदलली तरी अडत नाही. आजही नवशिक्या वृंदाला पाच रेघांआधी असंच शिकवणं शहाणपणाचं.

मोठ्या रचनाकारांनी पुरुषवृंद वापरला तो कधी हौसेने, कधी नाइलाजाने. केरुबिनीने १८३६ मध्ये फक्त पुरुषांसाठी रिक्विएम (मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत) लिहिलं, कारण त्याच्या आधीच्या मिश्र वृंदाच्या रिक्विएममध्ये स्त्रियांचे आवाज असल्यामुळे पॅरिसच्या आर्चबिशपने अंत्यविधीत ते गायला हरकत घेतली होती. शूबर्टने आठ पुरुष-आवाजांच्या एका रचनेला साथ दिली ती व्हायोला, चेलो आणि डबल बासची. व्हायोलिन एकही नाही. वरची जागा मुद्दाम रिकामी ठेवली. ब्राम्सने १८६९ मध्ये नेमकं उलटं केलं: पुरुषवृंदाच्या वर एकटा आल्टो स्त्रीस्वर ठेवला, आणि वृंदाला शेवटच्या भागापर्यंत गप्प बसवलं. तो शिरतो तेव्हा खालून जमीन वर आल्यासारखी वाटते. शोस्ताकोविचच्या तेराव्या सिंफनीत (१९६२) तर फक्त बास आहेत, तेही बहुतेक वेळ एकाच सुरात. दाटीचा प्रश्नच त्याने काढून टाकला.

कागद आणि तालीम

छापील प्रत हातात आली की आधी टेनरच्या ओळीच्या सुरुवातीची खूण पाहा. ट्रेबल क्लेफच्या पायाशी बारीकसा ८ असतो. अर्थ: लिहिलंय त्यापेक्षा एक सप्तक खाली गा. जुन्या प्रतींत हा ८ छापलेलाच नसतो, तरी अर्थ तोच. साथीला बसलेला पियानोवादक पुरुषवृंदाला नवखा असेल तर तो लिहिलेलं तसंच वाजवतो, टेनरचे सूर एक सप्तक वर जातात, बॅरिटोन आणि दुसरा टेनर यांच्यात मोठी दरी पडते, आणि गायकांना आपला सूर स्वरसंगतीत कुठे बसतो ते सापडत नाही. पंधरा मिनिटं वाया गेल्यावर कोणाच्या तरी लक्षात येतं. आधीच सांगावं.

दीड तासाच्या तालमीत बारा मिनिटं आवाज तापवायला. सुरुवात मधल्या सुरांपासून, ओठ मिटून, वरून खाली घसरत. खर्ज नंतर, उंच सूर सगळ्यात शेवटी. सकाळची तालीम असेल तर आवाज खाली असतो, बास खुशीत आणि टेनर हैराण, तेव्हा जास्त वेळ द्यावा. नवीन गाणं बसवताना बहुतेक ठिकाणी चाल आधी शिकवतात, मग बाकीचे भाग. पुरुषांच्या वृंदात बास आणि चाल ही जोडी आधी बसवलेली बरी. ती सुरात उभी राहिली की मधले दोन भाग दोन भिंतींत आपोआप जागा धरतात. उलट केलं तर मधले भाग एकमेकांना धरून चालतात आणि दोघंही बासपासून सुटतात. चाळीसेक मिनिटं यात जातात. उरलेल्या वेळात आधी बसलेली गाणी, वाद्याविना, प्रत्येक गाण्याच्या शेवटी सूर तपासून.

उभं राहताना बास मागे मधोमध, टेनर पुढे दोन बाजूंना, बॅरिटोन बासच्या लगत. दोघांत हातभर अंतर असावं. खांद्याला खांदा लावून उभे राहिले की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून माणूस जोर लावतो, मग शेजारीही लावतो. गाणी पक्की झाल्यावर भाग मोडून प्रत्येकाच्या शेजारी दुसऱ्या भागाचा माणूस उभा करून पाहा. पहिल्या दिवशी पडझड होते. तिसऱ्या दिवसापासून सूर सुधारतो, कारण लपायला कोणी उरत नाही.

कार्यक्रमात सुरुवातीचा सूर ट्यूनिंग फोर्कवरून घेतात. फोर्क देतो ४४०, मध्य पांढरी सहा. तिथून गाण्याचा षड्ज मनात काढून संचालकाने तो खालून वर गुणगुणायचा: बासचा सूर, मग बॅरिटोनचा, मग दोन्ही टेनरांचे, प्रत्येकी सेकंदभर. गायकांनी तो मनात घ्यायचा. मोठ्याने गुणगुणून घेतला की २४ जणांचे २४ सूर होतात. गाणं संपल्यावर टाळ्या चालू असतानाच फोर्क पुन्हा कानाशी लावायचा, आणि सूर किती उतरला तो आकडा पेन्सिलीने प्रतीच्या कोपऱ्यात, तारखेसह लिहून ठेवायचा.